तोंड कुणीकडे

अजमानच्या सनाइयात, टायरवाल्याच्या मागच्या गाळ्यात,
दुपारी शटर अर्धं खाली येतं
आणि त्याखालून वाकून जरवली येतो,
सायकलीची बॅटरी दोन्ही हातांवर,
तापल्या लेकराला दवाखान्यात आणावं तशी.

मी हात लावत नाही आधी. नाक लावतो.
काहीच वास नाही.
पण झाकण मधोमध उचललंय,
राग गिळून बसलेल्या माणसाचे गाल दिसतात तसं.

सगळ्या फटी त्यानं सिलिकॉननं लिंपल्यात,
हवेच्या भोकासकट.
वाळू जायची आत, म्हणाला.
मार्चच्या वादळात सिग्नलसुद्धा दिसेनात,
तेव्हा खोलीवर बसून अख्खी ट्यूब संपवली त्यानं,
बोटानं गुळगुळीत केली.
मायेनंच केलं, ते दिसतं.
तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो असाही असतो, मायेनं दिलेला.

मागच्या बोळात बादली ठेवली. बादलीत वाळूच.
हात लांब करून सुरी फिरवली
आणि पेटीनं उसासा टाकला.
गोडसर वास. हा गोड मानून घ्यायचा नसतो.
दोघेही पळत रस्त्यापलीकडे,
बंद हॉटेलाच्या सावलीत, अठ्ठेचाळीस अंशांत,
अर्धा तास उभे. बोललो नाही.

दोन सेल सुटले होते. बाकीचे शाबूत.
प्रत्येकाच्या टोपीखाली बारीक खिडक्या असतात,
त्यांच्या आत कागदासारखा पत्रा.
आतला कोंडमारा वाढला की तो फाटतो.
फाटण्यासाठीच घातलेला असतो.
वेळेवर हरणं एवढंच ज्याचं काम,
त्या पत्र्याचं मला फार कौतुक वाटतं.

आमचे वडील म्हणायचे, तोंडाची वाफ दवडू नकोस.
गडहिंग्लजला पाण्याच्या टाकीवर होते.
त्यांनी कधीच दवडली नाही.
त्यांच्याबद्दल एवढंच.

थंकच्चन शेठ म्हणाला, पंखा बसव ना एक छोटा.
म्हटलं, खाडीची खारट हवा आत ओढेल,
महिन्यात तांब्यावर हिरवं चढेल.
त्यापेक्षा ही चकती बरी. हिच्यातून श्वास जातो, पाणी जात नाही.
आणि मोठी धाप लागली तर ही नळी,
जस्ती पत्र्याची, दोन बोटं रुंद.

जरवलीनं विचारलं, भोक तर आधीही होतं की?
होतं. सीटच्या खाली, वर तोंड करून.
वर तू बसतोस, म्हटलं.
तो हसला नाही. मांडीवर हात ठेवून उभा राहिला.

मी नळी मागे वळवली, खाली, रस्त्याकडे,
जिथे कुणाची मांडी नाही, पोट नाही,
आणि ते करता करता मला गेला शुक्रवार आठवला.

वृषाली एवढंच म्हणाली होती, शाळेनं फी वाढवली.
आणि मी
शेठचा थकलेला पगार, खोलीतला बिघडलेला एसी,
व्हिसाचे पैसे, पाठीतली कळ,
सगळं तिकडे सोडलं. एका दमात.
तिनं फोन ओट्यावर उताणा ठेवला.
अकरा मिनिटं मला छताचा पंखा दिसत होता.
मी पंख्याला ओरडत होतो.

बोलून मोकळं व्हावं म्हणतात. खरं आहे.
मी झालोही. गाढ झोपलो त्या रात्री.

वाळू जाईल का आत? जरवली विचारतो.
जाईल थोडी. दोन महिन्यांनी ये, फुंकून देईन.
दहा दिरहम कमी देतो, मी घेतो.
नव्या नळीला वाकून एकदा बोट लावतो, आणि जातो.

संध्याकाळी शटर पूर्ण वर करून
बोळातली वाळू पलटली. वास गेलाय.
मग फोन लावला. तिनं उचलला, गप्प राहिली.
म्हटलं, स्वयंपाकघरातला पंखा डुगडुगतोय गं,
एक पातं वाकलंय त्याचं.
कुणाला तरी दाखव.