अर्धी कहाणी

सोहारमध्ये श्रावण आपणहून येत नाही,
आईचा फोन आला की येतो.
इथे भिंतीवर नुसता ऑगस्ट,
साडेबारा ते साडेतीन उन्हाची सक्तीची सुट्टी,
चार खाटा, आणि खोकणारा एक एसी.

सोमवारची कहाणी ती दिवेलागणीला वाचायची.
आता माझ्या सुट्टीत वाचते.
म्हणते, देवाला चालतं रे, तुझ्या फोरमनला नाही चालत.

मी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला.
आटपाट नगर. राजाच्या मनात आलं,
महादेवाचा गाभारा दुधानं भरावा.
दवंडी पिटली. घराघरातलं दूध देवळात गेलं,
पोरांना ठेवलं नाही, वासरांना ठेवलं नाही,
तरी गाभारा भरेना.
मग एक म्हातारी...
इथे आईचा आवाज पाण्यात पडल्यासारखा झाला,
गोल गोल फिरला आणि बुडाला.

‘मग?’ शाजी म्हणाला. कोल्लमचा, पाइपफिटर,
मराठी त्याला आमच्या भांडणांपुरती येते.
मग स्वतःच म्हणाला, लीकेज असणार. तळाला.
सुभान परकार उशीवरून उठलासुद्धा नाही.
बाप दापोलीकडे जमातीचा खजिनदार,
तर हा म्हणतो, आधी विचार, दूध मोजलं कुणी?
बलविंदर झोपला होता. बरं होतं.

शेवट मला पाठ आहे.
सांगायला तोंड उघडलं आणि उजवी दाढ ठणकली.

मार्चपासून ठणकते.
डॉक्टर सत्तर रियाल म्हणाला होता,
तिथल्या खुर्चीतच मी त्या सत्तरांचं सिमेंट करून टाकलं.
पगार झाला की जेवणापुरते ठेवून सगळे पाठवतो.
एक्स्चेंजमधली मुलगी पावतीवर शिक्का मारते,
आणि दर महिन्याला वाटतं, आता भरेल.
स्लॅब पडला. मग गिलावा निघाला.
मग ताईचं. मग विहिरीवरचा पंप.

गालावर हात ठेवून एवढंच सांगितलं:
म्हातारीनं आधी घरच्यांना पाजलं.
लेकीसुनांना, नातवंडांना, गोठ्यातल्या वासराला.
उरलं ते घेऊन गेली, वाटीच्या तळाशी होतं तेवढं.
आणि गाभारा भरला.

‘ती स्वतः प्यायली?’ शाजीनं विचारलं.

हे कहाणीत नाही.
इतकी वर्षं आई वाचते, आम्ही हात जोडून बसायचो,
साखर कधी वाटतात याकडे डोळे.
कुणी विचारलंच नव्हतं.

सुभाननं चहा टाकला. दुधाचा डबा चाकूनं फोडला,
चार पेल्यांत ओतला, आणि उरलेला
बाहेर कंप्रेसरच्या सावलीत, झाकणात,
जिथे एसीचं पाणी ठिबकतं
आणि एक कानफाटकी मांजर राहते.

तीनला पुन्हा फोन.
‘ऐकलीस ना पूर्ण?’
‘ऐकली. तू काही खाल्लंस?’
‘सोमवार आहे ना माझा.’
‘दूध तरी?’
पलीकडे भांड्याचा आवाज झाला, की रेंजचा, कोण जाणे.
‘घेईन,’ म्हणाली. ‘पंपवाला येऊन गेला की.’

दाढेचं मी बोललो नाही.
क्लिनिकचा नंबर मोबाइलमध्ये आहे, ‘दात’ या नावानं.
तो काढून बघत होतो
तर बाहेर बसनं हॉर्न दिला,
आणि शाजी बूट घालता घालता माझ्याकडे बघून म्हणाला,
लीकेजच आहे ते. तळाला.