तपशिलाचा रकाना

उद्यमबागेत सकाळी साडेआठला
मी मार्कर, चिकटचिठ्ठ्या आणि पुण्याची भाषा घेऊन उतरलो.
गेटवरच्या वहीत ‘कामाचे स्वरूप’पुढे
काय लिहावं सुचेना.
वॉचमन म्हणाला, मशिन दुरुस्तीवाले काय?
म्हटलं, जवळपास.

राजकोटहून परत आल्या होत्या ब्याऐंशी पंप-बॉडी,
पोटात फुगे घेऊन.
सुरेंद्र अनगोळकरांनी त्या अंगणात ओळीनं मांडल्या होत्या,
पंचनाम्याला मांडतात तशा.
‘कोण चुकलं तेवढं काढून द्या,’ म्हणाले,
‘पुढचं मी बघतो.’

दोन दिवस मी रिजेक्शनची जुनी रजिस्टरं वाचली.
नऊ वर्षं. कडेनं कसर लागलेली.
अकरा वेळा हाच फुगा
आणि अकरा वेळा, वेगवेगळ्या अक्षरांत, एकच कारण:
कामगाराची चूक.
एका पानावर फक्त पेन्सिलीनं कानडीत काहीतरी,
खोडरबर फिरवलेलं.
तपासणी विभागातल्या शिवलीला मठपतीनं पान उजेडात धरलं.
‘नल्ली लिवलंय सर. नळ.
पुढचं गेलंय.’

तिसऱ्या दिवशी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये गोल बसवलं.
खुर्च्यांना गोलाची सवय नव्हती,
त्या सरकत सरकत पुन्हा ओळीत येत होत्या.
कोणी केलं, असं विचारलं नाही.
काय घडलं, विचारलं.
पंखा तेवढा बोलला.
शिवलीलानं तेच कानडीत विचारलं.
चहा आला. कप परत गेले.
मग कोअर-शॉपचा भरमाण्णा कंग्राळकर,
निवृत्तीला सात महिने राहिलेला,
स्वतःच्या नखांकडे बघत म्हणाला,
‘मागच्या भिंतीचा नळ गळतंय की वो.
वाळू तिथंच वततात.
उन्हाळ्यात वाळती, थंडीत तशीच ऱ्हाती.
रात्रपाळीला कोण हात घालून बघतंय?
सांगितलं होतं मी.
ज्याला सांगितलं तो हुबळीला गेला.
परत कुणाला सांगायचं, आणि कशाला?’

आमच्या धंद्यात याला मोठमोठी नावं आहेत.
त्या दिवशी ती मी बॅगेतच ठेवली.

अनगोळकर उठले. मागोमाग सगळेच.
भिंतीपाशी त्यांनी बाही न सरकवता
कोपरापर्यंत हात वाळूत घातला
आणि बराच वेळ बाहेर काढला नाही.
‘मला माहीत नव्हतं,’ म्हणाले.
मग रात्रपाळीच्या पोरांकडे वळून,
‘ननग गोत्तिरलिल्ल.’
थोरल्या अनगोळकरांपासून त्या शेडनं
हे वाक्य मालकाच्या तोंडून
कुठल्याच भाषेत ऐकलं नव्हतं.
एक पोरगं हसलं, आणि घाबरून थांबलं.

संध्याकाळी बॉडी भट्टीकडे निघाल्या.
खराब लोखंड वाया जात नाही, ही इथली शान.
तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं
अकरा वेळा काय झालं असेल ते:
भट्टी लोखंड परत देते,
चूक देत नाही.
तिच्यातून सगळं कोरं निघतं.
मी तोंड उघडणार, तेवढ्यात शिवलीलानं
कुणाला न विचारता
एक बॉडी ट्रॉलीवरून खाली ओढली.
दुसऱ्या दिवशी तिचे मधोमध दोन तुकडे करून घेतले,
फुगे दिसतील असे.

चार महिन्यांनी शेवटची फेरी.
नळ पितळेचा, नवा.
भरमाण्णा निवृत्त; पण बुधवारी येतो,
चहापुरता म्हणतो, जेवून जातो.
अर्धी बॉडी कॅन्टीनच्या टेबलावर,
तिच्यावर कुणाचातरी ओला ग्लास.
नवं पोरगं भोकात बोट घालून बघत होतं.
शिवलीला त्याच्या शेजारी बसली होती. समोर नव्हे.
‘काय झालं रे?’ तिनं विचारलं
आणि गप्प राहिली.
मी घड्याळ बघितलं. चाळीस सेकंद.
माझ्याच्यानं वीसही होत नाहीत,
मी उत्तर पुरवून मोकळा होतो.

टिळकवाडीतल्या लॉजवर रात्री बिल करायला बसलो.
तपशील: नळ, असं लिहून
बराच वेळ बघत राहिलो.
मग खोडलं. ‘सल्ला-सेवा, दिवस नऊ.’
जीएसटीला दुसरं चालत नाही.
खोडलेलं मात्र
उजेडात धरलं तर वाचता येईल.