एकशे पाच अंशांवर

कोरगावच्या मळ्यात भात कापून तेहेतीस दिवस झाले.
खुंटांच्या ओळींमधून अळसांद्याला पानं फुटलीत
आणि मी दर मंगळवारी पेडण्याहून येतो,
गिरमिट, अठरा डब्या, मागच्या आठवड्याची वही.

वीतभर खोलीची माती. हातभर खोलीची.
नि त्याखालची, निळसर, चिकट,
गिरमिटाला सोडायला तयार नसलेली.
झाकण लगेच लावायचं.
उघडी राहिली तर माती जबाब बदलते.

चंद्रावती शेटगावकर मेरेवर बसून बघतात.
त्यांनी एकदाही शिंपलेलं नाही.
"भातान ठेवल्यान, तां ह्येंचा,"
एवढंच म्हणाल्या, पहिल्या मंगळवारी.

ऑफिसात ओव्हन. चोवीस तास, एकशे पाच अंश.
ओलं वजन वजा कोरडं वजन.
जे निघून गेलं तेवढंच मला मोजता येतं.

वरच्या थरात सव्वीस टक्के, मग एकवीस,
मग सतरा, मग सोळा,
आणि पुन्हा सोळा.
मला वाटलं तराजू बिघडला.
तराजू ठीक होता. अकरा वाजताच
पानं उन्हाकडे कड करून उभी होती,
पानांच्या पाठीवरची बारीक तोंडं मिटलेली.
पाणी होतं. चिकणमातीनं ते मुठीत धरलं होतं,
मुळानं कितीही ओढलं तरी सुटत नव्हतं.
ओव्हनला सोडते ती. ओव्हन विचारत नाही.

पलीकडच्या कुणग्यात कैतानचा पंप.
दर पाचव्या दिवशी पाट भरून,
तळहाताएवढी पानं, दिवसाला तिप्पट पाणी पिणारी.
माघात मोटर जळली. नऊ दिवस.
चौथ्या संध्याकाळी त्याचं पीक मान टाकून होतं, तसंच राहिलं.
चंद्रावतींचं रोज दुपारी पडे
आणि दिवेलागणीला उठून बसे.
मी चर खणला: इकडे मूळ वीतभर,
तिकडे एक केसाएवढं, निळ्या थरात शिरलेलं.

यावरून काही ठरवू नका.
गेल्या साली मोटर चालली,
तेव्हा कैतानच्या शेंगा दुप्पट भरल्या होत्या.
तेही वहीत आहे.

शेवटच्या मंगळवारी त्या मेरेवरून उतरल्या.
"माझी माती खंय व्हरतंस?"
मी मूळ, थर, टक्के सांगत राहिलो.
त्यांनी ऐकून घेतलं.
"ता सगळा खरा. माती खंय?"

मग शुक्रवारी, मंगळवार नसताना,
गोणपाटात बांधून आणली सगळी:
तीन महिन्यांची, भाजलेली, पिठासारखी, बिनवासाची.
त्यांनी ती मेरेच्या कडेला हातानं पसरली
आणि हात पदराला पुसले.

रात्र मी गावातच काढली.
सकाळी दव होतं.
पसरलेल्या मातीचा वरचा पापुद्रा
जरासा काळा पडला होता.
मी डबी काढली,
झाकण उघडलं,
आणि बराच वेळ तसाच वाकून राहिलो.