पाव फेरा

उणे एकोणतीस. औलू.
बेकरीखालच्या तळघरात माझं दुकान.
वरून पावाचा वास झिरपतो,
आणि रेडिएटर रात्रभर
लाकडातलं पाणी पीत बसतो.

एतू कल्लिओइनेन आत येताना
चौकटीला डोकं आपटून घेतो. उंच पोरगा.
काळी गिटार टेबलावर ठेवतो,
डॉक्टरपुढे आजारी मांजर ठेवावं तशी.
"खरखरते," म्हणतो.
आमच्याकडे हे भाषण झालं.

थंडीतून आलीय, आधी ऊब येऊ दे तिला.
मग जाड तार छेडते.
पहिल्या पडद्यापासून पाचव्यापर्यंत
बाटलीत सापडलेली माशी.
पुढे स्वच्छ.
म्हणजे दुखणं घोडीत नाही, मानेत आहे.

"तू काही केलंस?"
तो छताकडे बघतो. मग कबूल होतो:
व्हिडिओ बघून आतली सळई आवळली.
तारा जितक्या खाली जातील तितक्या हव्यात त्याला,
बोटं पळायला.
"मान सरळच हवी ना?"

वडील कुह्मोला स्की करायचे, बर्चच्या.
दोन पट्ट्या तळव्याला तळवा लावून
खिडकीच्या उजेडात धरायचे.
मधे फट दिसली पाहिजे.
तिच्यातून वर्तमानपत्राचा कागद सरकवायचे,
अडकला की पट्टी चुलीत.
मेलेलं लाकूड सरळ असतं, म्हणायचे,
आणि बर्फाला चिकटून बसतं.

ताठ मानेनं जगायचं ते माणसांनी.
हिची मान लवलेली हवी,
फार नाही, पोस्टकार्डाच्या जाडीएवढी.
तार थरथरते तेव्हा मधोमध तिचं पोट सुटतं.
त्या पोटाला जागा नको?

(हे सगळं मी त्याला सांगत नाही.
"नको," एवढंच सांगते. "सरळ नको.")

पहिल्या पडद्यावर चाप,
शेवटचा बोटानं दाबलेला,
सातव्यावर डोळा.
फट नाहीच. तार पडद्यांवर आडवी झोपलीय.
टोकाशी चावी घालते.
आत काहीतरी कुरकुरतं,
आम्ही दोघंही श्वास धरतो.
पाव फेरा. उलटा.

"अजून एक?"
"नाही."
"पण..."
"कॉफी घे."

आता काम तारांचं आहे, त्या ओढतील.
लाकूड आपल्या वेळेनं ऐकतं.
तो कपाशी खेळत बसतो, मग आपणहून:
शनिवारी युवक केंद्रात वाजवायचंय.
सोमवारी ड्रमर छावणीत जातो, कायानीला.
"आणि तू?"
"जुलैत."
भिंतीपलीकडे पाईप ठकठकतो.
मी दुसरा कप भरते.

पुन्हा सूर लावते, पुन्हा चाप, पुन्हा डोळा.
सातव्यावर एक बारीक काळी रेघ,
पोस्टकार्ड जातं. थोडं घासून, पण जातं.
मग घोडीवरचे बारके स्क्रू,
दोन जाड तारांना अर्धा अर्धा वर.
वहीत लिहिते: बारावा पडदा, एक पूर्णांक आठ.

तो वाजवतो.
आधी भुवई चढते: उंच झाल्या.
मग बोटांना पत्ता लागतो.
माशी उडून गेलीय,
फक्त सहाव्यावर, बारीक तारेत,
किंचित काहीतरी उरलंय.
मी ऐकते. त्यानंही ऐकलंय.
"तो पडदा झिजलाय," मी म्हणते.
"अ‍ॅम्प लावलास की कळणार नाही."
"मला कळेल."
"हो."

पैसे मोजताना सांगून ठेवते:
मेमध्ये नदीचा बर्फ फुटला
की लाकूड पाणी पिऊन फुगेल,
मान पुढं येईल. तेव्हा ये.
पाव फेरा, सुलटा.
"मेमध्ये आहे मी," तो म्हणतो.

गिटार पाठीवर चढते,
पिशवीचं टोक त्याच्या डोक्यावर वीतभर.
चौकटीपाशी थांबतो,
मागं हात नेऊन ते टोक चाचपतो,
आणि तेवढाच लवून
थंडीत निघून जातो.