पॉइंट

पटावर बंदी आली त्या हिवाळ्यात
माझ्या अंगठ्याला काम उरलं नाही.
अठरा वर्षं दाणीच्या शेवटाला उभा होतो मी.
झेंडी पडली की दाबायचं,
जू सुताला लागलं की दाबायचं.
सात सेकंद बेचाळीस पॉइंट.
लोक माझ्या तोंडाकडं पाहायचे,
मी बैलांकडं कधी पाहिलंच नाही.

घड्याळ ट्रंकेत ठेवायचं राहिलं, खिशातच राहिलं.
खोब्रागडेच्या टपरीत एकदा क्रिकेट संपलं,
रिमोट कुणाच्या तरी बुडाखाली दबला
अन् पडद्यावर पांढरंफटक काहीतरी.
एक बाई पहाडावरून स्वतःला सोडून देते.
कोपऱ्यात सेकंद पळतात,
पुढं टिंब, पुढं दोन आकडे.
हे तर माझंच.

इटलीची, खोब्रागडे म्हणाला. लोरेंझा.
त्या दिवशी ती अकरावी आली.
तिचा वेळ मी बिडीच्या पुडक्यावर लिहून घेतला.

मग दर हिवाळ्यात.
हरभऱ्याला घाटे धरले की ती यायची,
गहू सोंगेस्तोवर जायची.
लोक विचारू लागले, "भाऊ, तुमची पोट्टी कितवी?"
तिसरी. मग दुसरी, तीन पॉइंटानं.
मग एका रविवारी पहिली.
खोब्रागडेनं सगळ्यांना चहा फुकट पाजला,
दोन दिवसांनी माझ्या खात्यात मांडला.

बरफ मी पाहिलेला नाही.
गारा पाहिल्यात. एका फेब्रुवारीत दहा मिनिटांत
धुरा, बांध, नाला, सगळं एकसारखं पांढरं,
संत्र्यांखाली पानांचा अन् फळांचा खच.
माणसं डोक्याला हात लावून उभी.
मी, लाज वाटते सांगायला,
टेकडीच्या उतारावर मनातल्या मनात रेघ ओढत होतो:
इथून ती वळली असती. इथं वाकली असती.

चौथ्या वर्षी पडली.
गुडघा उलटा फिरला, ते त्यांनी सहा वेळा दाखवलं,
हळू करून.
हळू केल्यावर वेळ कसा मोजायचा?
मारोती ढोकचा पाय छकड्याच्या चाकाखाली आला तेव्हा
मी घड्याळ थांबवलं नव्हतं.
जोडी धुरकऱ्याविना सुतावर आली.
सहा अठ्ठ्याऐंशी.
माझ्या हातचा सगळ्यात कमी वेळ.
वहीत लिहिला नाही. पाठ आहे.

दोन हिवाळे गेले अन् ती परत आली,
गुडघ्यात खिळे घेऊन.
विसावी. सव्विसावी. टपरीत कुणी विचारेना.
फक्त मारोती यायचा लंगडत,
बाकाच्या टोकाला बसायचा,
ती वळली की त्याचा धड पाय हलायचा.
ज्या दिवशी जिंकली, एका पॉइंटानं जिंकली.
एक पॉइंट म्हणजे किती?
पापणी लवायला तीस लागतात.
मारोती काही बोलला नाही.
उठला, नळावर जाऊन तोंड धुतलं,
बराच वेळ धुतलं.

तिनं सोडलं त्याच्या पुढच्या वर्षी पट सुरू झाला.
दाणीवर आता सेन्सर, लाल आकड्यांची पाटी.
मला पाहुण्यांत खुर्ची, गळ्यात दुपट्टा.
बायांच्या दिवशी मारोतीची नात कासरा धरून उभी,
सोळाची असेल.
दोन पॉइंटानं गेली.
बैलाच्या वशिंडात तोंड खुपसून रडत होती.

जवळ गेलो. म्हटलं, लोरेंझाचंही एकदा असंच झालं होतं.
"कोन्या गावची धुरकरीन होय थे?"
"लय दूरची. तिकडं बैल नसते, बाई.
पहाडच ओढते."
तिनं बाहीनं नाक पुसलं.
"अन् मंग थांबवते कोन?"