पाऊणपट

पहाटे निघालो, सतरा जण, एक मिनीबस.
मागच्या काचेवरचा 'अभ्यासदौरा' असा फ्लेक्स
राजापुरातच एका बाजूने सुटला
आणि कणकवलीपर्यंत फडफडत आला.
मी आवक-जावक लिपिक. माझ्या ताब्यात
हजेरीपत्रक, उलटीच्या पिशव्या,
यजमानांसाठी सात शाली, सात नारळ.
कोकणातून कोकणात नारळ नेणारे आम्हीच असू.

गाव आमच्यासारखंच. 'क' वर्ग.
तोच जांभा, तशीच खाडी,
मासळीबाजाराच्या दारात तेच कुत्रे.
नगराध्यक्ष रेडीज उतरल्या उतरल्या म्हणाले,
यात बघण्यासारखं काय आहे?

सभागृहात पडद्यावर एक आलेख चढू लागला
आणि लाईट गेली.
त्यांच्या मुख्याधिकारी बाईंनी पदर खोचला:
चला, चालतच दाखवते.

व्हाळ उघडा होता.
भर बाजारातून, दोन्ही काठांना चिरे,
पायऱ्यांवर कुणी टोपली खंगाळत होतं.
पाण्यात एक चप्पल होती,
निर्माल्याची एक पिशवीही होती,
पण पाणी आपल्या वाटेने चाललं होतं.
अभियंता घाणेकरांनी टेप काढून रुंदी घेतली,
उपाध्यक्षांनी सेल्फी घेतला,
मुमताज सोलकर नाकावरचा रुमाल काढून
एवढंच म्हणाल्या, वास येत नाही.

जिथे व्हाळ खाडीला मिळतो
तिथे एक लाकडी झडप, डांबराने काळी,
आणि कमरेला किल्ली लावलेली
द्वारका खवणेकर. रोजंदारीवर, बारा वर्षं.
भरती चढायच्या आधी दार लावायचं,
ओहोटीला उघडायचं. काम एवढंच.
म्हणून इथल्या दुकानांत पाणी शिरत नाही.

सेन्सर कुठल्या कंपनीचा? रेडीजसाहेबांनी विचारलं.
ती हसली नाही.
"तिथी मोजूची, तेची पाऊणपट करूची.
आज अष्टमी. सहाक भरती.
पाचाक मी हंय."
घाणेकरांनी मोबाईलवर आठ गुणिले पाऊण केलं.
सहा आले.

मग तिनेच विचारलं, पाहुण्यांना पाणी विचारावं तसं:
"तुमच्या व्हाळाचा तोंड खंय असा?"

सतरा जणांनी खाडीकडे बघितलं.

ठराव क्रमांक एक्केचाळीस:
बाजारपेठेतील व्हाळावर स्लॅब टाकून
वाहनतळ व बावीस गाळे बांधणे.
सर्वानुमते मंजूर.
सूचकाचं नाव आहे, अनुमोदकाचं आहे,
टंकणाऱ्याचं नसतं.
मी 'व्हाळ' खोडून 'नाला' केलं होतं,
शासनाला व्हाळ कळत नाही म्हणून.

जेवणात बांगडा होता, सोलकढी होती,
शाली कमी पडल्या.
द्वारकाबाईंना नारळ दिला. तो त्यांनी
झडपेच्या खांबाशी ठेवला आणि कामाला लागल्या.

परतताना खारेपाटणच्या पुढे सगळे झोपले.
अंधारात पुढच्या सीटवरून आवाज आला,
गावणकर, मी पोहायला शिकलो त्या व्हाळात.
मी हूं म्हटलं.
फ्लेक्स अजून फडफडत होता.

दुसऱ्या दिवशी अकराला त्यांनी बोलावलं.
अहवालात घाल, म्हणाले,
सेन्सर बसविणेबाबत कार्यवाही प्रस्तावित.
माझ्याकडे न बघता म्हणाले.

प्रपत्रात शेवटचा रकाना असतो,
'दौऱ्यातून काय आत्मसात केले',
दीड इंच रुंद.
तो मी अजून भरलेला नाही.

संध्याकाळी गाडी काढायला वाहनतळावर गेलो,
तर झाकणाखालून गुळण्या केल्यासारखा आवाज.
पाणी वर येत होतं की परत चाललं होतं?
वाकून कान लावला.
पानवाल्या सुर्वेने विचारलं, काय हरवलं भाऊ?
तिथी, मी म्हटलं. आज कोणती?
त्याने मोबाईल काढला,
पाहिला, पुसला, पुन्हा पाहिला.
मंगळवार आहे, म्हणाला.