आठ की नऊ

एल्बर्ट क्रॉइट्झला उजव्या डोळ्यानं उजेड तेवढा कळतो,
डाव्यानं तोही नाही.
त्याची पिकअप मी चालवतो.
स्कॉट्सब्लफच्या पुढं, बीटाच्या शेतांमधून,
तो काच खाली करून बसतो
आणि नुसत्या वासावरून सांगतो
साखर कारखाना किती मैल राहिला.

ओमाहाचा एक दातांचा डॉक्टर जुन्या गाड्या जमवतो.
गाडी अस्सल की जमवलेली, एवढं सांगायचे
एल्बर्टला दोनशे डॉलर,
मला पेट्रोल आणि दुपारचं जेवण.

व्हर्ना होल्झवर्थबाईंच्या कोठाराचं दार
आम्ही तिघांनी मिळून ढकललं.
ताडपत्रीखाली त्रेपन्नची पॅकार्ड कॅरिबियन,
उघड्या टपाची, मरून रंगाची,
मागच्या सीटवर कोंबडीनं कधीतरी घातलेलं
एक अंडं, दगड झालेलं.
"अशा साडेसातशेच निघाल्या," बाई म्हणाल्या,
"रोलंड सगळ्यांना सांगायचा. चर्चमध्येसुद्धा."

एल्बर्टनं बोटं पँटला पुसली.
आधी बॉनेटवरची हवेची रुंद चोच,
मग चाकावरच्या कमानीची क्रोमची किनार.
घाई नाही. मध्येच थांबून नाक शिंकरलं.
मग इंजिनामागच्या पत्र्यावरची ती पट्टी,
चार आकडे, उठावाचे:
दोन, सहा, सात,
आणि शेवटी आठ असेल तर कॅरिबियन,
नऊ असेल तर साधी, उघड्या टपाची,
त्या साली बऱ्याच विकल्या तशातली एक.

आकड्यावर गंजाचा फोड. मी बॅटरी धरली.
मला आठ दिसला, खरं सांगतो.
दुपारपर्यंत घरी पोचायचं होतं मला.
त्यानं बोटाला थुंकी लावली,
खालचं वर्तुळ मिटलंय की उघडं आहे,
एवढंच चाचपत राहिला.

काही न बोलता गाडीला धरधरून मागं गेला,
गुडघ्यावर बसला,
चाकाच्या कमानीत कोपरापर्यंत हात घातला,
आणि हात तिथंच राहिला.

"एक लांब, दोन आखूड," तो म्हणाला,
"मग जरा मोकळी जागा.
इथं मी हात शेकायला थांबलो होतो.
अठ्ठावन्नचा जानेवारी, गेरिंगचं गॅरेज.
एक पोरगा साधी गाडी घेऊन आला,
म्हणाला, हिची कॅरिबियन करून दे,
मुलगी बघायला जायचंय,
तिला गाड्यांतलं कळतं."

कोठारात पत्रा वाऱ्यानं कुठंतरी आपटत होता.
मी बाईंकडे बघायचं टाळलं.

"माझे वडील अलायन्सला पॅकार्डच विकायचे,"
बाई म्हणाल्या.
"तो आत बाबांशी बोलत बसला होता,
तेवढ्यात मी बॉनेट उघडून बघितलं.
नऊ."
ताडपत्रीची सुरकुती त्यांनी हातानं सरळ केली.
"सत्तावन्न वर्षं तो आठ म्हणत होता.
छान सांगायचा. मला ऐकायला आवडायचं."

एल्बर्टनं ओमाहाला फोन लावायला सांगितला.
"नऊ," एवढंच म्हणाला, आणि ठेवला.
मग, टायरला पाठ टेकून बसल्या बसल्या:
"चाळीस ठरले होते. पस्तीस दिले त्यानं.
पाच राहिले."

बाई घरात गेल्या.
जाळीचं दार वाजलं, डब्याचं झाकण वाजलं.
परत येऊन एक नोट त्याच्या तळव्यात ठेवली,
बोटं मिटवली त्यावर.

इथल्या नोटा सगळ्या एकाच मापाच्या,
एकाच कागदाच्या.
पत्र्याखालचं शिसं ज्याला कळतं,
नॅशचं दार अन् हडसनचं दार
जो पाठमोरा उभा राहून ओळखतो,
त्यानं ती नोट दोनदा उलटली, नखानं कड बघितली,
आणि माझ्या दिशेनं धरली.

"पाचाचीच आहे ना रे?"

वीसची होती.
बाई ओठांवर बोट ठेवून उभ्या.

"पाच," मी म्हणालो.